उन्हाळा लागायच्या आत

मसुरे पंचक्रोशीतल्या ग्रामस्थांनो, मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांनो,

तुमच्या ओळखीत एखादं मूल असं असेल, की ज्याचा मुका घेतला तर ओठांना मीठ लागतं, जे पोटभर जेवतं पण वाढत नाही आणि ज्याचा खोकला पावसाळा सरला तरी हटत नाही, तर त्या घरापर्यंत हे पत्र आजच पोचवा. एप्रिल-मेची वाट पाहू नका. त्या मुलाला सिस्टिक फायब्रोसिस असू शकतो, आणि हा आजार असलेल्या तान्ह्या मुलासाठी कोकणातला उन्हाळा फार घातकी असतो.

हे नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. "पोर खाता, पण अंगाक लागणा नाय," असं आजी म्हणते. कुणी सुकटी म्हणतं, कुणी दृष्ट काढतं, कुणी देवीपुढे गाऱ्हाणं घालतं. दवाखान्यात कधी दमा ठरतो, कधी टीबी समजून महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या जातात. मूल तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पुन्हा खोकतं. पुढे न्यूमोनियाचं निमित्त होतं आणि सगळं संपतं. आईबापांना शेवटपर्यंत आजाराचं नावही कळत नाही. धाकटं भावंड जन्माला येतं आणि तीच कहाणी पुन्हा सुरू होते. आपल्या घराण्यात लहान मुलं जगत नाहीत, असं ज्या घरात बोललं जातं, त्या घराने हे पत्र दोनदा वाचावं.

आजार होतो कसा, ते थोडक्यात. आपल्या शरीरातल्या पेशींच्या पडद्यावर क्षार आत-बाहेर सोडणारी दारं असतात. ती बनवण्याची कृती सातव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते. १९८९ साली हे जनुक सापडलं. कालावल खाडीच्या काठच्या कुणालाही सांगायला नको, की खारबांधाचं दार गंजून बसलं तर आतलं पाणी हलत नाही आणि गाळ साचून घट्ट होतो. या मुलांच्या फुप्फुसात तेच होतं. कफ पातळ राहत नाही, चिकट होऊन बसतो आणि त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाच्या नळ्याही अशाच तुंबतात. मग अन्न पचवणारा रस आतड्यापर्यंत पोचत नाही; तूप, खोबरं, मासळी, सगळं न पचताच बाहेर पडतं. शौच तेलकट, घाण वासाची, पाण्यावर तरंगणारी होते. घामग्रंथीत मात्र उलटं घडतं: तिथे मीठ परत शरीरात ओढून घेतलं जात नाही, ते घामासोबत वाहून जातं.

उन्हाळ्याची घाई आहे ती या शेवटच्या गोष्टीमुळे. हा आजार १९३८ साली डोरोथी अँडरसन या डॉक्टर बाईंनी न्यूयॉर्कमध्ये वेगळा ओळखला. पण घामाचा उलगडा झाला तो उष्म्यामुळे. १९४८ साली त्या शहरात उष्णतेची लाट आली, तेव्हा गळून गेलेली जी मुलं रुग्णालयात आली त्यांत या आजाराची मुलं नजरेत भरण्याइतकी जास्त होती. तो धागा धरून पॉल दि सँत'आग्नेसे या डॉक्टरांनी १९५३ साली दाखवून दिलं, की या मुलांच्या घामात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मीठ असतं. न्यूयॉर्कची ती लाट काही दिवसांची होती. आपल्याकडे मार्चपासून मृगापर्यंत अंग सुकत नाही. तान्हं मूल अंगावरच्या दुधावर असतं, त्यात मीठ अगदी थोडं. घामावाटे मीठ जात राहतं, मूल मलूल होतं, ओकतं, डोळे खोल जातात, आणि आपण त्याला साखरपाणी पाजतो. खरी गरज मिठाची असते. वेळेवर ओळखलं तर सलाईन आणि क्षारांनी हे मूल उठून बसतं.

एक खुलासा इथेच करतो. आजाराचं निदान झाल्याशिवाय कुणीही आपल्या तान्ह्या बाळाला मीठ चारू नये. निदान झालेल्या मुलाला किती मीठ द्यायचं, ते वजन पाहून डॉक्टर ठरवतात. मोठ्या मुलांना मीठ घातलेली पेज, सोलकढी, आगळाचं सरबत हा आपला रोजचा आहारच उपयोगी पडतो, पण तोही डॉक्टरांना विचारून.

निदानाची चाचणी घामाचीच आहे आणि तिला सुई टोचावी लागत नाही. मनगटाच्या वरच्या भागावर घाम आणणारं औषध लावून अगदी हलका विद्युतप्रवाह देतात, मग अर्धा तास घाम गोळा करतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. ६० किंवा त्याहून अधिक आलं, तर आजार जवळपास नक्की. ३० च्या खाली आलं, तर शक्यता फार कमी. ही पद्धत १९५९ सालची आहे. परदेशी यंत्र महाग पडतं म्हणून दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. सुशील काब्रा आणि सहकाऱ्यांनी देशी बनावटीचं साधन तयार केलं आणि २००२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. म्हणजे तंत्र आहे, स्वस्त आहे, आपल्याच देशातलं आहे. पण आमच्या भागातल्या आईला या चाचणीसाठी मूल घेऊन कणकवलीला जाऊन रात्रीची गाडी पकडावी लागते आणि मुंबई किंवा पुणं गाठावं लागतं. ओरोसला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. घामाची चाचणी तिथे व्हावी, ही आमची पहिली मागणी आहे. त्यासाठीच्या निवेदनावर आम्हाला तुमच्या सह्या हव्या आहेत.

तोवर हाताशी जे आहे ते वापरूया. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. त्यांच्या आजारांच्या यादीत सिस्टिक फायब्रोसिस नाही. पण तीव्र कुपोषण आहे आणि दम्यासारखा श्वसनाचा आजारही आहे. एकच मूल या दोन्ही रकान्यांत येत असेल, तर तिथे थांबा आणि पुढे पाठवा, एवढंच आम्ही पथकातल्या डॉक्टरांना हात जोडून सांगतो. अंगणवाडी सेविकांना आणि आशाताईंना तर आमचं मागणं याहून साधं आहे: वजन वाढत नसलेल्या मुलाच्या आईला त्याच्या शौचाबद्दल आणि घामाबद्दल विचारा. मुलाच्या कपाळावर घाम सुकल्यावर पांढरी पूड दिसते का, ते पाहा. बोटांची टोकं फुगीर झाली आहेत का, पाहा. आधीचं एखादं भावंड गेलं का, हेही विचारा, पण जपून विचारा.

जपून अशासाठी, की हा दोष फक्त आईकडून येत नाही. दोन्ही पालकांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं तरच मूल आजारी होतं. प्रत्येक गरोदरपणात चारात एक असा तो धोका. आईबाप दोघेही धडधाकट असतात. मामेबहिणीशी किंवा जवळच्या नात्यात लग्न झालं असेल तर धोका वाढतो. अशा घरातल्या सुनेला पांढऱ्या पायाची म्हणणारी जीभ कुणाचीही असो, ती थांबवणं हेही या कामाचाच भाग आहे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लिहायला बसलो, ती सांगतो. हा आजार आज पूर्ण बरा होत नाही, पण तो रोज हरवता येतो. रोज म्हणजे खरोखर रोज.

अतुल गावंडे हे नाव आपल्याला परकं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावातून अमेरिकेत गेलेल्या डॉ. आत्माराम गावंडे यांचे ते चिरंजीव, बोस्टनमधले शल्यविशारद आणि लेखक. २००४ साली 'न्यू यॉर्कर'मध्ये त्यांनी याच आजारावर एक दीर्घ लेख लिहिला. औषधं तीच, नियम तेच, तरी एका केंद्रातली मुलं दुसऱ्या केंद्रातल्या मुलांपेक्षा पुष्कळ जास्त का जगतात, हा त्यांचा प्रश्न होता. १९९७ सालच्या आकड्यांप्रमाणे सर्वसाधारण केंद्रातला रुग्ण तिशीच्या जरा पुढे जात होता आणि सर्वांत चांगल्या केंद्रातला शेहेचाळिशीपर्यंत. मिनियापोलिसच्या डॉ. वॉरन वॉरविक यांचा हिशेब त्यात आहे. रोजचे उपचार चुकले तर एका दिवसात आजारी पडण्याचा धोका अर्धा टक्का, केले तर त्याचा दहावा हिस्सा. एका दिवसापुरतं पाहिलं तर हा फरक काहीच वाटत नाही. वर्षभराचा हिशेब मांडला, तर उपचार करणाऱ्याला वर्ष धड जाण्याची ८३ टक्के आशा राहते आणि न करणाऱ्याला १६ टक्के.

आणि या सगळ्याच्या मुळाशी पालकांची धर्मादाय संस्था आहे. अमेरिकेत १९५५ साली आईबापांनी एकत्र येऊन ती काढली, ब्रिटनमध्ये १९६४ साली तशीच दुसरी निघाली. त्या काळी ही मुलं शाळेत जाण्याच्या वयापर्यंतही क्वचितच पोचत. क्लीव्हलँडचे डॉ. लेरॉय मॅथ्यूज म्हणत होते, की आमच्याकडे वर्षाला शंभरात दोन मुलंही जात नाहीत. बाकी देशात वीसहून जास्त जात होती. कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा अमेरिकेतल्या संस्थेने १९६४ साली याच वॉरविक यांना दहा हजार डॉलर देऊन सगळ्या केंद्रांची नोंद गोळा करायला सांगितली. मॅथ्यूज खरं बोलत होते. मग त्यांची पद्धत सगळीकडे नेली गेली, आणि ती नोंदवही आजतागायत चालू आहे. पुढे त्याच संस्थेने औषधशोधनात पैसे घातले, त्यातून आजची औषधं आली. सुरुवातीला त्यांच्याकडे एवढंच होतं: मुलांची यादी, थोडे पैसे आणि डॉक्टरांना प्रश्न विचारण्याचं धैर्य.

आपल्याला परदेशाकडे पाहायचीही गरज नाही. हिमोफिलियाचं उदाहरण घरचं आहे. स्वतः हिमोफिलिया असलेल्या अशोक वर्मांनी १९८३ साली देशभरातल्या रुग्णांचा महासंघ उभारला. रुग्ण आणि त्यांच्या आया सरकारदरबारी चिवटपणे जात राहिल्या. आज महाराष्ट्रात रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरचं महागडं इंजेक्शन सरकारी रुग्णालयातून फुकट मिळतं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल यांची नावं आहेत. सिस्टिक फायब्रोसिसचं नाव त्यात नाही, कारण त्याच्यासाठी तेवढ्या जोराने कुणी दार ठोठावलेलं नाही.

या रुग्णांची आणखी एक अडचण आहे. हिमोफिलियाची मुलं शिबिरात एकत्र खेळू शकतात. ही मुलं एकमेकांजवळ येऊ शकत नाहीत. एकाच्या फुप्फुसातले चिवट जंतू दुसऱ्याला लागले तर ते जिवावर बेततं, म्हणून परदेशातही त्यांची शिबिरं बंद करावी लागली. त्यांचा मोर्चा निघणार नाही, मेळावा भरणार नाही. त्यांच्या वतीने जमायचं ते आपण, धडधाकट माणसांनी.

अशा घरातली सकाळ कशी असते ते पाहा. उठल्याबरोबर मुलाला मास्क लावून आधी श्वासनलिका मोकळी करणारं औषध, मग तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ. त्यानंतर छाती-पाठ थोपटणं. लहान मुलाला बाटलीतल्या पाण्यात नळी घालून फुंकायला लावतात. बुडबुड्यांचा खेळ होतो आणि आतला कफ सुटतो. मग नाश्ता. त्याच्या पहिल्या घासाबरोबर अन्न पचवणाऱ्या एन्झाइमची कॅप्सूल. गिळता येत नसेल तर ती उघडून आतले बारीक दाणे सफरचंदाच्या गरात द्यायचे. गरम पेजेत किंवा दुधात घातले तर त्यांच्यावरचं कवच विरघळतं आणि औषध वाया जातं. दाणे चावू द्यायचे नाहीत, तोंडात राहू द्यायचे नाहीत. प्रत्येक जेवणाला हेच, जन्मभर. शिवाय अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं. मग वाफ देणाऱ्या नेब्युलायझरची वाटी सुटी करून धुवायची, उकळायची आणि पूर्ण सुकवायची, कारण ओलाव्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू वाढतो आणि तो या मुलांचा वैरी आहे. आषाढ-श्रावणात आपल्या घरात रुमाल सुकत नाही, तिथे ही वाटी सुकवणारी आई मनासमोर आणा. संध्याकाळी पुन्हा हेच सगळं.

आणि वीज गेली की सगळं अडतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर मालवण तालुक्यात कितीतरी घरं कित्येक दिवस अंधारात होती. नेब्युलायझर विजेवर चालतो. वर्षभर नेटाने राखलेलं मूल त्या दिवसांत घसरू शकतं. म्हणून लागणाऱ्या वस्तूंच्या आमच्या यादीत बॅटरीवर चालणारा नेब्युलायझर सगळ्यांत वर आहे. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे, त्यांनी शेजारच्या अशा घराला आधीच सांगून ठेवावं: वीज गेली तर सरळ आमच्याकडे या. याला पैसा लागत नाही.

पैसा लागतो तो एन्झाइमच्या कॅप्सूलना, मिठाच्या पाण्याच्या औषधाला, प्रतिजैविकांना आणि प्रवासाला. जमेल ती रक्कम द्या, पण शक्य असेल तर एकदा मोठी देण्याऐवजी दर महिन्याला थोडी द्या. खंड पडला की घात होतो, हे वर सांगितलंच. हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल. कुठल्याही मुलाचं नाव, फोटो, घर कुणाला सांगितलं जाणार नाही. दान मागण्यासाठी आजारी मूल लोकांपुढे उभं करणं आम्हाला मान्य नाही.

चाकरमान्यांकडे आमचं वेगळं मागणं आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. मसुऱ्याहून गेलेला पोरगा वळकटी घेऊन तिथे उतरायचा. त्याच गिरणगावातला परळ आज या मुलांसाठी महत्त्वाचा आहे. तिथलं केईएम रुग्णालय हे केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखालचं मुंबईतलं मान्यताप्राप्त केंद्र. या धोरणाच्या यादीत सिस्टिक फायब्रोसिस आहे, आणि मान्यताप्राप्त केंद्रामार्फत एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. १ एप्रिल २०२३ पासून यादीतल्या आजारांची औषधं स्वतःसाठी मागवली तर सीमाशुल्कही माफ आहे. पण हे मिळवायला कागद लागतात, खेपा लागतात. पहाटे दादरला उतरलेली आई मूल कडेवर घेऊन कुठल्या रांगेत उभी राहणार? लालबाग-परळ, नायगाव, करी रोड इथल्या आपल्या माणसांनी दोन गोष्टी कराव्यात. एक, एका वेळी एकाच कुटुंबासाठी स्वच्छ, हवेशीर खोली, जिथे कुणी विडी-सिगारेट ओढत नाही. दोन, त्यांच्यासोबत रुग्णालयात जाणारा, फॉर्म भरणारा, 'उद्या या' ऐकून परत न फिरणारा एक माणूस. धर्मादाय रुग्णालयांत गरीब आणि दुर्बल रुग्णांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव आहेत, हे त्या माणसाला पाठ असावं.

नव्या औषधांबद्दल खरं ते सांगतो. २०१९ साली अमेरिकेत तीन औषधांची मिळून एक गोळी आली. ती ज्यांना लागू पडते त्यांचं आयुष्यच बदलतं. तिची तिथली किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर. भारतातल्या रुग्णांनी आणि इतर देशांतल्या रुग्णांनी २०२३ साली मिळून स्वस्त पर्यायाची मागणी लावून धरली. आपल्या पेटंट कायद्यात तशी सोय आहे: २०१२ साली कर्करोगावरच्या एका औषधाला सक्तीचा परवाना देण्यात आला आणि महिन्याला पावणेतीन लाखांच्या घरातलं औषध नऊ हजारांच्या आत आलं. मात्र ही गोळी प्रत्येक मुलाला लागू पडेलच असं नाही. भारतीय रुग्णांत जनुकातले बिघाड वेगवेगळे आढळतात, म्हणून आधी जनुक तपासणी हवी. आणि ती गोळी येईपर्यंत मूल टिकायला हवं, फुप्फुसं शाबूत राहायला हवीत. ते काम वाफेचं, कॅप्सूलचं आणि मिठाचं आहे.

आपल्या भागात अशी मुलं किती असतील? जगभरात दीड लाखाहून जास्त रुग्ण असावेत आणि त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांचं निदानच झालेलं नाही, असा अंदाज २०२२ साली मांडला गेला. आपल्याकडे न ओळखलेल्यांचं प्रमाण याहून पुष्कळ जास्त असणार. संख्या थोडी असेल, ते कबूल. पण आंगणेवाडीच्या जत्रेला लाखोंची गर्दी सांभाळणाऱ्या गावाला चार घरं सांभाळणं अवघड जाऊ नये. देवीपुढे गाऱ्हाणं जरूर घाला, नवस बोला. त्याच आठवड्यात मुलाला तपासणीलाही न्या.

आमची कामाची आखणी अशी आहे. देऊळवाडा, मर्डे, मागवणे, बिळवस, आंगणेवाडी, प्रत्येक वाडीतून दोन माणसं हवीत. त्यांत एक तरी बाई असावी, कारण शौचाची आणि गेलेल्या लेकराची गोष्ट आई बाईलाच सांगते. शिमग्याआधी वाडीतल्या खोकणाऱ्या, न वाढणाऱ्या मुलांची विचारपूस पुरी करायची. संशय आला तर आधी मसुऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं, तिथून ओरोसला आणि गरज पडली तर मुंबईला. प्रवासाचा खर्च तुम्ही दिलेल्या पैशांतून. निवृत्त परिचारिका, फिजिओथेरपी शिकलेली मुलं-मुली, जीवशास्त्राचे शिक्षक यांनी स्वतःहून पुढे यावं. औषध दुकानदारांनी कॅप्सूल संपण्याच्या आठ दिवस आधी मागवून ठेवण्याचा शब्द द्यावा.

नाव द्यायला पुढच्या ग्रामसभेची वाट पाहू नका. हे पत्र ज्याने तुमच्या हातात दिलं, त्यालाच आज सांगा: वाडी कुठली, तुम्ही काय करू शकाल आणि कुठल्या वारी.

मसुरे पंचक्रोशीतील काही पालक, शिक्षक आणि ग्रामस्थ